विश्वांच्या लढाईत आपण कुठल्या दाराशी?

(सोलापूर येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलीतले शब्द तसेच ठेवले आहेत.)



मला 'साहित्य आणि परिवर्तन' असा विषय दिला होता. या विषयावर बोलून बोलून आमच्या पिढीचे घसे बसले. आज विषय बदलतो. गेल्या बैठकीनंतर तुमच्यातली पोरं चहाच्या गाड्यावर तासभर भांडत होती. भांडण कशावरून? 'स्टार वॉर्स'मधलं साम्राज्य आणि 'स्टार ट्रेक'मधलं फेडरेशन समोरासमोर आलं तर जिंकेल कोण. एक म्हणतो, काय बे, डेथ स्टार एका झटक्यात अख्खा ग्रह उडवतोय, तुझं ते एंटरप्राइज काय करणार? दुसरा म्हणतो, ट्रान्सपोर्टरनं बॉम्ब आत सोडला की खेळ खलास. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या, पोरं पुण्याला जाऊन लोकांच्या दारात जेवणाची पार्सलं पोचवतात, आणि यांना आभाळातल्या लढाया सुचतायत.

मला तसं वाटत नाही. ही लढाई मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या खेळत आलाय. तिचं नाव पानिपत. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? भाऊ अंबारीतून उतरले नसते तर? या 'तर'वर सदाशिव पेठेनं अडीचशे वर्षं काढली, कादंबऱ्या विकल्या, व्याख्यानमाला चालवल्या. जिथं 'तर' आला तिथं दुसरं विश्व आलं. आणि त्या दुसऱ्या विश्वात कोण आत बसलंय, कोण बाहेर उभंय, ही चौकशी करायचा हक्क आपला आहे. तेव्हा लढाई लावूच. फक्त पंच आपण नेमायचा.

आधी दारूगोळा मोजून टाकू, म्हणजे पोरांचं समाधान होईल. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेली मालिका. आपल्याकडं १९८० च्या दशकात दूरदर्शनवर लागायची. 'स्टार वॉर्स'चा पहिला सिनेमा १९७७ चा. ट्रेकच्या जहाजावरच्या फोटॉन टॉर्पेडोत दीड किलो प्रतिद्रव्य असतं, असं त्यांच्याच तांत्रिक पुस्तकात छापलंय. दीड किलो प्रतिद्रव्य दीड किलो साध्या द्रव्याला भिडलं की दोन्ही नाहीसं होतं आणि सगळ्याची ऊर्जा होते. हिशेब मांडला तर साधारण ६४ मेगाटन. सोव्हिएत रशियानं १९६१ साली फोडलेला, आजवरचा सर्वांत मोठा बॉम्ब सुमारे ५० मेगाटनांचा होता. म्हणजे एकेक टॉर्पेडो त्याच्यापेक्षा भारी. ट्रेकवाल्यांनी टाळ्या वाजवून घ्या, कारण पुढं डेथ स्टार आहे. तो ग्रहाला नुसता भाजत नाही, त्याच्या ठिकऱ्या उडवतो. पृथ्वीचं सगळं द्रव्य गुरुत्वाकर्षणानं एकमेकाला धरून आहे. ती पकड कायमची सोडवायला किती ऊर्जा लागेल हे काढता येतं. सूर्य आठवडाभरात जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो, जवळपास तेवढी. डेथ स्टार ती एका क्षणात टाकतो. तेच काम टॉर्पेडोंनी करायचं तर सुमारे आठ कोटी कोटी टॉर्पेडो लागतील. कोटी दोनदा म्हणालो, चुकून नाही.

वेगाचंही तसंच. १९९५ साली सुरू झालेल्या 'व्हॉयेजर' मालिकेत फेडरेशनचं जहाज सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं, आणि घरी परतायला पंचाहत्तर वर्षं लागतील असा त्यांचा हिशेब असतो. तिकडं स्टार वॉर्समध्ये आकाशगंगेत या टोकाहून त्या टोकाला जाणं म्हणजे हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी पुण्याला जाऊन रात्री सोलापुरात परत येण्यासारखं. राहिला ट्रान्सपोर्टर. ढाल चढलेल्या जहाजात ट्रान्सपोर्टर चालत नाही, हा तुमच्याच मालिकेचा नियम आहे. साम्राज्य जिंकलं. साम्राज्यं दारूगोळ्यावर जिंकतातच.

तुमचं भांडण इथं संपतं. माझं इथून सुरू होतं. जिंकलेल्या विश्वात राहायला कोण जाणार आहे? आपण. मग तिथं आपली सोय काय?

१९७७ च्या त्या पहिल्याच सिनेमात टॅटूइन नावाच्या वाळवंटी ग्रहावर एक गुत्ता आहे. आत सगळ्या ग्रहांची गिऱ्हाइकं बसलेली. कुणाला शिंगं, कुणाला सोंड, कुणाच्या अंगभर केस. कुणालाच मज्जाव नाही. आपला हिरो ल्यूक दोन यंत्रमानवांना घेऊन आत येतो आणि गुत्तेवाला खेकसतो, की असल्यांना इथं वाढत नाही, त्यांना बाहेर उभं करा. ल्यूक काय करतो? भांडतो? तो पुढं साम्राज्य उलथवणार आहे, पण गुत्त्याच्या दारात तो त्या दोघांना सांगतो, तुम्ही बाहेरच थांबा, उगाच कटकट नको. ते दोघं निमूट बाहेर जातात. थेटरात लोक हसतात. ज्याच्या आज्यानं गावच्या हाटेलात फळीवरचा वेगळा कप स्वतः विसळून चहा पिला, तो हसेल का?

तुम्ही म्हणाल, मास्तर, ती यंत्रं आहेत. बरं. पण हीच यंत्रं घाबरतात, रुसतात, एकमेकांसाठी जीव टाकतात. त्यातल्या एकाला साठ लाख भाषा येतात. साठ लाख! आणि तो दाराबाहेर. याआधी दोघांना बाजारात विकलेलं असतं, पळून जाऊ नयेत म्हणून अंगावर खीळ बसवलेली असते. आणि शेवटी बंडखोर जिंकतात तेव्हा पदकं कुणाच्या गळ्यात पडतात? ल्यूक आणि हान सोलो यांच्या. यंत्रमानव घासूनपुसून बाजूला उभे. क्रांती झाली, पण त्यांच्या मालकीचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. आपल्याला ही गोष्ट कुठंतरी ऐकल्यासारखी वाटते.

२००२ च्या सिनेमात क्लोन सैनिक येतात. एकाच माणसाच्या लाखो नकला. धंदा जन्माआधी ठरलेला: लढा आणि मरा. नावाच्या जागी नंबर. सोलापूरकराला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या शहरात सेटलमेंट होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यातली माणसं इथं तारेच्या कुंपणात आणून ठेवली, त्यांची हजेरी घेतली, त्यांना गिरण्यांच्या कामाला जुंपलं. पाळण्यातल्या पोराचा गुन्हा काय, हे सरकारला विचारायची सोय नव्हती. कायदा १९५२ साली रद्द झाला. तार गेली, पत्त्यात 'सेटलमेंट' हा शब्द अजून राहिलाय, आणि नोकरीच्या अर्जावर तो पत्ता लिहिताना पोरांचा हात अजून थबकतो.

पण स्टार वॉर्सवर माझा खरा राग वेगळ्या कारणानं आहे. १९७७ मध्ये 'फोर्स' ही शक्ती सगळ्या सजीवांत भरलेली होती. ज्यानं साधना केली त्याची ती. १९९९ च्या सिनेमात त्याच दिग्दर्शकानं सांगितलं की ही शक्ती रक्तातल्या कणांवर ठरते. रक्त तपासा, आकडा बघा, कळेल पोरगा कुठल्या लायकीचा. च्यायला, हे आम्ही इथं तीन हजार वर्षं ऐकतोय! त्यासाठी तिकीट काढून थेटरात कशाला जायचं? मग २०१७ च्या सिनेमात एक नवा दिग्दर्शक आला. त्याची नायिका रे हिच्यात अफाट शक्ती, आणि आईबाप कोण? कुणीच नाहीत. भंगार वेचणारी पोरगी, दारूसाठी तिला विकून टाकणाऱ्यांची. मला तो सिनेमा आवडला. कुळाशिवाय, गोत्राशिवाय माणूस मोठा होऊ शकतो, एवढं त्यानं म्हटलं. आणि २०१९ ला काय केलं? तिला सम्राटाची नात करून टाकली. सापडलं खानदान! एकलव्य शेवटी कुठल्यातरी राजाचा हरवलेला पोरगा निघाला म्हणजे सगळ्यांना बरं वाटतं. अंगठाही द्यायला नको आणि गुरूची लाजही राहते.

त्याच तीन सिनेमांत फिन आहे. साम्राज्याच्या वारसदारांचा सैनिक, लहानपणी उचलून नेलेला, नंबर एफएन-२१८७. पहिल्याच कत्तलीत तो गोळी झाडत नाही, आणि पळतो. त्याला नावसुद्धा पळताना मिळतं. काळा नट, जॉन बोयेगा. चीनमधल्या पोस्टरवर त्याला बारका करून कोपऱ्यात टाकलं, आणि तिसऱ्या सिनेमापर्यंत कथेतही तेच झालं. २०२० साली त्यानं स्वतः एका मुलाखतीत हे उघड बोलून दाखवलं. नंबर टाकून माणूस झालेल्या सैनिकाची गोष्ट त्यांच्या हातात होती आणि त्यांनी ती वाया घालवली.

आता ट्रेकवाले खूश झाले असतील. थांबा.

ट्रेकचं विश्व चांगलं आहे, हे मी आधीच कबूल करतो. तेविसाव्या-चोविसाव्या शतकातली पृथ्वी. भूक नाही, पैशासाठी राबणं नाही, वंशावरून भेद नाही. १९६६ साली, अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांची लढाई रस्त्यावर पेटलेली असताना, जहाजाच्या मुख्य कक्षात उहुरा नावाची काळी अधिकारी बसवली. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या पर्वानंतर मालिका सोडणार होत्या. त्या पुढं अनेकदा सांगायच्या, की मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि सोडू नका म्हणाले. भविष्यात आपण आहोत हे लोकांना पहिल्यांदा दिसतंय. विचार करा, रस्त्यावर लढणारा माणूस दूरचित्रवाणीवरच्या एका खुर्चीची काळजी करतो. त्यांना कळलं होतं, की ज्याला भविष्यात जागा नाही त्याला वर्तमानातही कुणी जागा देत नाही.

१९८९ च्या 'द मेझर ऑफ अ मॅन' या भागात डेटा या यंत्रमानवावर खटला चालतो. फेडरेशनचा एक शास्त्रज्ञ त्याला उघडून बघू पाहतो. प्रश्न असा, की डेटा माणूस की सरकारी मालमत्ता? कप्तान पिकार्डला आधी यात मोठं काही दिसतच नाही. त्याला जाग आणते ती जहाजावर दारू वाढणारी गायनन, म्हणजे काळी नटी वूपी गोल्डबर्ग. ती शांतपणे म्हणते, की वापरून फेकायच्या माणसांच्या पिढ्या तयार करणं हे इतिहासात आधीही झालंय. मग पिकार्डच्या डोक्यात प्रकाश पडतो. तो जिंकतो, डेटाला नकाराचा हक्क मिळतो. स्टार वॉर्सनं गुत्त्याच्या दाराबाहेर उभा केलेला तो यंत्रमानव इथं कोर्टात उभा राहिला. या एका भागासाठी मी ट्रेकला डेथ स्टारवर मात दिली असती.

पण फेडरेशनचा पहिला नियम काय? मागास ग्रहांच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही. त्यांचा विकास त्यांच्या गतीनं होऊ द्या. ऐकायला किती सभ्य! आता एंटरप्राइजला भंडारा जिल्ह्यावरनं न्या. तारीख २९ सप्टेंबर २००६. खाली खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली जातायत. कप्तान खिडकीतून बघतो, नोंदवहीत लिहितो, 'स्थानिक प्रश्न', आणि जहाज पुढं. गावचा अंतर्गत मामला! हे शब्द आपण तलाठ्याकडनं, फौजदाराकडनं, आमदाराकडनं ऐकलेत. कर्क कप्तान हा नियम हवा तेव्हा मोडतो, हेही खरं. म्हणजे आपला जीव कप्तानाच्या त्या दिवशीच्या मूडवर. आमचं आभार प्रदर्शन राहू द्या, आम्हाला कायदा द्या.

ट्रेकमधला सगळ्यात मोठा क्षण लढाईचा नाहीच. १९९८ च्या 'फार बियॉंड द स्टार्स' या भागात कप्तान सिस्को, म्हणजे मालिकेचा काळा नायक, स्वतःला १९५३ सालच्या न्यूयॉर्कमध्ये बघतो. तिथं तो विज्ञानकथा लिहिणारा बेनी रसेल आहे. तो एका अवकाशस्थानकाची कथा लिहितो आणि तिचा कप्तान काळा दाखवतो. संपादक म्हणतो, कथा उत्तम, कप्तान गोरा करा. लेखकांचे फोटो छापायचे ठरतं तेव्हा त्याला सांगतात, त्या दिवशी तू येऊ नकोस. शेवटी मालक अख्खा अंक रद्दीत घालतो आणि बेनीला नोकरीवरनं काढतो. तो तिथंच कोसळतो आणि ओरडत राहतो की हे भविष्य मी निर्माण केलंय, ते खरं आहे, ते तुम्हाला पुसता येणार नाही. हे नुसतं नाटक म्हणू नका. काळे लेखक सॅम्युअल डिलेनी यांची 'नोव्हा' कादंबरी १९६८ ची. जॉन कॅम्पबेल या त्या काळच्या सगळ्यात वजनदार संपादकानं ती मासिकात घ्यायला नकार दिला. कादंबरी आवडली, पण नायक काळा आहे, आमच्या वाचकांना तो जवळचा वाटणार नाही, असं कारण कळवलं. डिलेनींनी १९९८ च्या लेखात हे सगळं लिहून ठेवलंय.

आणखी एक विश्व मध्ये घेतो, कारण त्याचं नाव आपल्याला ओळखीचं आहे. ब्लॅक पँथर. मार्व्हलचं हे पात्र जुलै १९६६ मध्ये छापून आलं, दोन गोऱ्या माणसांनी तयार केलेलं. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली, आणि तिच्याकडं बघून १९७२ साली मुंबईत आपले पँथर. २०१८ च्या सिनेमात वाकांडा दिसतं: गोऱ्यांची सत्ता कधी पोचलीच नाही असा आफ्रिकी देश, सगळ्या जगाच्या पुढं गेलेला. डोळे दिपतात. पण राजा आहे, आणि राजाचा पोरगा राजा आहे. त्या राजाला प्रश्न विचारायला येतो किलमाँगर, ओकलंडचा पोरगा. तो म्हणतो, तुमच्याकडं एवढं सगळं होतं. आमची माणसं जगभर साखळदंडात होती तेव्हा तुम्ही होता कुठं? शेवटी तो मरतो, राजा राहतो. पण त्याचा प्रश्न मरत नाही, राजाला ओकलंडला जाऊन केंद्र उघडावं लागतं.

आता हाच प्रश्न घेऊन पानिपतावर चला.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तुमच्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या पोरांनी अकरावीच्या 'हॉर्नबिल' पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' या नावानं वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानं दुसऱ्या विश्वात घसरतात. मुंबईत उतरतात तर तिथं अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल. टाउन हॉलच्या ग्रंथालयात ते इतिहास उघडतात आणि कळतं की १७६१ साली विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून गेली. मराठे जिंकले. कंपनी किनाऱ्यावरच्या दोन-चार तुकड्यांपुरती उरली. पेशव्यांनी विज्ञानाची केंद्रं काढली, आणि विसाव्या शतकात सत्ता हळूहळू निवडून आलेल्यांच्या हाती गेली. मग गंगाधरपंत आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची बघून तिच्यावर जाऊन बसतात, कारण त्यांना त्याची सवय! त्या विश्वातले लोक भाषणांना इतके विटलेले असतात, की अंडी-टोमॅटो फेकून त्यांना हाणतात. (तुम्ही अजून बसून आहात, आभारी आहे.)

कथा झकास आहे. एका गोळीनं विश्व दोन फाट्यांना कसं जातं, हे त्यांनी पुंज भौतिकीच्या आधारानं सांगितलं. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. खगोलशास्त्रात मोठा माणूस, फलज्योतिषाची शास्त्रीय चाचणी घेऊन त्याचं पितळ उघडं पाडणारा माणूस. त्यांच्याशी वैर धरायचं कारण नाही. पण गंगाधरपंतांनी ग्रंथालयात जे पाच खंड चाळले त्यात आम्ही कुठं होतो? जातीचा प्रश्न त्या कथेत येत नाही. पेशवाई पडली नाही, एवढं वाचून प्राध्यापकांचा ऊर भरून येतो. आमच्या पोटात गोळा येतो.

का येतो? पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधलेला असे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या त्या लाहोरच्या भाषणात लिहून ठेवलंय. (ते भाषण त्यांना करू दिलं गेलं नाही, म्हणून छापावं लागलं. आपल्या मंडळींची भाषणं अशीच जास्त वाचली जातात.) गंगाधरपंतांच्या विश्वात १ जानेवारी १८१८ ही तारीख नाही. भीमा कोरेगावचा स्तंभ नाही, त्याच्यावर 'नाक' लागलेली नावं नाहीत, १ जानेवारी १९२७ ला तिथं उभे राहिलेले बाबासाहेब नाहीत. पुण्यात स्कॉटिश मिशनची शाळा नाही, म्हणजे तिथं शिकलेले जोतिबा नाहीत, १८४८ ची मुलींची शाळा नाही. महूची छावणी नाही, लष्करी शाळेत शिकवणारे सुभेदार रामजी नाहीत, मग १४ एप्रिल १८९१ कुठून येणार? एक गोळी तीळभर चुकली आणि आपलं सगळं कॅलेंडर कोरं झालं.

यावर कुणी लगेच म्हणेल, मग काय, इंग्रजांच्या आरत्या ओवाळता? अजिबात नाही. सेटलमेंटची तार कुणी घातली ते मघाशी सांगितलं. ज्या महारांनी कंपनीला लढाया जिंकून दिल्या त्यांची भरती याच इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली. काम झालं, चला गावकुसाबाहेर. आणि याच सोलापुरात इंग्रजांनी १९३० साली मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना फासावर दिलं. आम्ही कुणाच्या सत्तेचे भाट नाही. माझं म्हणणं एवढंच, की पानिपत जिंकलेल्या विश्वातल्या महारवाड्यात आणि मांगवाड्यात पुढच्या दोनशे वर्षांत काय झालं असतं, ही गोष्ट लिहायची राहिली आहे. तिथंही माणसं गप्प बसली नसती. तिथंही कुणीतरी मडकं फोडलं असतं. त्याचं नाव भीमराव नसतं, त्याची भाषा वेगळी असती, त्याची लढाई पेशव्यांच्या त्या नव्या विज्ञान केंद्राच्या फाटकावर झाली असती: आम्हाला आत घ्या. ती कथा गंगाधरपंत लिहू शकत नाहीत. ते सभेच्या खुर्चीवर बसले, फाटकापर्यंत गेलेच नाहीत.

नारळीकरांचीच आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला कथेइतकीच बोलकी वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती टोपणनावानं: नारायण विनायक जगताप. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. नावाच्या वजनावर नको, कथेच्या गुणावर निकाल लागावा, हा स्वच्छ हेतू. मानतो मी. पण आता त्याच्या शेजारी बाबुराव बागूल ठेवा. १९६३ चा त्यांचा कथासंग्रह, 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्यातला माणूसही नाव-जात झाकतो. का, तर नोकरी टिकावी, खोली मिळावी, मार पडू नये. आणि उघडं पडल्यावर मार पडतोच. मोठ्या आडनावाचा माणूस ते झाकतो तेव्हा त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. आम्ही झाकलं की चोरी ठरते. ही दोन विश्वं एकाच महाराष्ट्रात, अकरा वर्षांच्या अंतरानं. त्यांना जोडणारं विवर कुठल्या दुर्बिणीतनं दिसणार?

तुम्ही विचाराल, आपल्याला विज्ञानकथा कशाला? आत्मकथनं आहेत, कविता आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळ्यांनी 'अक्करमाशी' लिहून मराठी वाचकाची झोप उडवली. बरोबर. पण आत्मकथन मागं बघतं. पुढं काय होणार हे लिहायचं काम आपण इंजिनियर लोकांवर सोडून दिलंय. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना दहाऐवजी तीस लाख द्या. १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे, तरी माणूस आत उतरतो आणि त्याचा भाव कोर्टात ठरतो. केरळच्या पोरांनी गटार साफ करणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव २०१८ मध्ये कामाला लावला. म्हणजे यंत्र आहे. चंद्रावर न्यायचं यंत्र आहे आणि गल्लीच्या चेंबरमध्ये उतरवायचंही आहे. मग आपल्या गल्लीत यंत्राच्या आधी माणूस का उतरतो? हा प्रश्न कुठल्याही फेडरेशनला, कुठल्याही साम्राज्याला घाला. डेथ स्टारवरही कचऱ्याची खोली आहे, हिरो-हिरॉइन तिच्यात पडतात. ती साफ कोण करतं, हे एकाही सिनेमात सांगत नाहीत.

तेव्हा लिहा. पानिपत जिंकलेल्या विश्वातलं फाटक लिहा. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करारावर सही झालीच नाही आणि स्वतंत्र मतदारसंघ राहिले, असं विश्व लिहा, आणि कृपा करून त्याचा स्वर्ग करू नका. तिथंही दलाल निघतील, फाटाफूट होईल, आपल्याला फाटाफुटीचा अनुभव कमी नाही. मे १९३० मध्ये काही दिवस सोलापुरात इंग्रजांची सत्ता उरली नव्हती. ते दिवस वर्षभर चालले असते तर बुधवार पेठेला पाणी कुठल्या नळावर मिळालं असतं, हे लिहा. सेटलमेंटमधली पोरगी नंबर टाकून पळते आणि तिला जहाज मिळतं, असं लिहा. भौतिकशास्त्र नीट तपासा. ढाल चढलेली असताना ट्रान्सपोर्टर चालवू नका, नाहीतर चहाच्या गाड्यावर तुमची गय होणार नाही. तेलुगू, कन्नड जशी आपल्या तोंडात येते तशी येऊ द्या.

मोबाइलवर टाइप केलेली कथा चालेल, वहीच्या पानांवरची चालेल. शुद्धलेखन आम्ही बघू. नाव मात्र पूर्ण लिहा, आडनावासकट. महिनाअखेरपर्यंत कार्यालयात द्या, पुढच्या बैठकीत तीन तरी कथा वाचून त्यांच्यावर भांडायचं आहे.

जयभीम.